डीपी दुरुस्त झाली आणि पाणी कमी झालं? आधी मोटर उलटी फिरते का ते बघा

केळीच्या कांदेबागेची निसवण (घड बाहेर पडणं) सुरू असते, पाण्याला एक दिवसाचा खाडा चालत नाही आणि नेमकी डीपी (शिवारातला ट्रान्सफॉर्मर) जळते. चार दिवसांनी नवी येते, लाईन चालू होते, स्टार्टर उचलतो, मोटरचा आवाज नेहमीसारखा येतो. पाणीही येतं. पण ठिबकच्या शेवटच्या नळ्या कोरड्या, फिल्टरजवळच्या दाबाच्या गेजचा काटा अर्ध्यावर. मग माणूस फुटव्हॉल्व्ह (पाणी ओढणाऱ्या पाईपच्या तळाची झडप) काढतो, फिल्टर धुतो, पाईप कुठे फुटला का म्हणून बांधाबांधाने फिरतो. जळगाव जिल्ह्यातल्या यावल-रावेर भागात मोटर रिवाइंडिंगचं (जळालेली वाइंडिंग नव्याने भरायचं) काम करताना वर्षातून कितीतरी वेळा हीच तक्रार माझ्याकडे येते, आणि दर पावसाळ्याच्या तोंडाला, वादळात तारा तुटल्या की, पुन्हा येते.

एकदा तर फैजपूरकडच्या एका शेतकऱ्याने बोअरमधला पंप वर काढला. २६० फूट पाईप, मशीन बोलावलेलं, सहा माणसं, पूर्ण दिवस. पंप माझ्या टेबलावर आला. बेअरिंग ठीक, पंखे (पाणी फेकणारे इंपेलर) ठीक, वाइंडिंगला मेगर (इन्सुलेशन तपासायचं यंत्र) लावला तर तेही ठणठणीत. पंप परत आत गेला आणि पाणी तेवढंच कमी. तेव्हा मी विचारलं, "दादा, हे सुरू कधीपासून झालं?" म्हणाले, "केबलचा जोड जळाला होता, तो नवा केला तेव्हापासून." स्टार्टरमध्ये दोन वायरींची अदलाबदल केली. तीन मिनिटांचं काम. २०० लिटरचा ड्रम भरायला सव्वा मिनिट लागत होता, तो ४० सेकंदांत भरला. त्या माणसाचा चेहरा अजून आठवतो. म्हणून हे सगळं सविस्तर लिहितोय.

पहिला प्रश्न एकच: पाणी कमी होण्याच्या आधी वायरीला कोणी हात लावला होता का? डीपी बदलली, जंपर (खांबावर तारा जोडणारा तुकडा) तुटून पुन्हा बांधला, केबलला जोड दिला, मेन स्विच किंवा स्टार्टर बदलला, मोटर भरून आणली, यांतलं काहीही घडलं असेल आणि पाणी त्याच दिवसापासून कमी असेल, तर बाकी कशालाही हात लावायच्या आधी फिरण्याची दिशा तपासा. पाणी हळूहळू महिनाभरात कमी झालं असेल तर मात्र दिशेचा संबंध नाही. तिथे विहिरीची पातळी, घासलेला पंखा, चोंदलेला फिल्टर बघा.

"उलटी फिरली असती तर पाणी आलंच नसतं ना!" हे मला दहापैकी आठ जण सांगतात, आणि घोटाळा इथेच होतो. आपल्या विहिरीवरचा मोनोब्लॉक (एकाच दांड्यावर मोटर आणि पंप) असो की बोअरमधला पाण्यात बुडून चालणारा सबमर्सिबल, दोन्हीत पाणी ढकललं जातं ते गरगर फिरवून बाहेरच्या बाजूला फेकून. गोफण डावीकडून फिरवा की उजवीकडून, दगड बाहेरच जातो. तसंच पंखा कुठल्याही बाजूने फिरला तरी पाणी कडेलाच फेकलं जातं आणि डिलिव्हरीतूनच बाहेर येतं. पण पंख्याची पाती मागे वाकवलेली असतात आणि बाहेरचं घर गोगलगायीसारखं एकाच दिशेने रुंदावत जातं. ही सगळी घडण एका दिशेसाठी केलेली. उलट फिरल्यावर पाणीही घटतं आणि दाबही. उथळ विहिरीवर मोकळ्या पाटाने पाणी सोडणाऱ्याला ते कळतही नाही. ठिबकवाल्याला लगेच कळतं, कारण त्याला दाब लागतो.

कूलरच्या किंवा छताच्या पंख्याचं असं नसतं. तिथे पातं हवेला सरळ पुढे ढकलतं, दिशा बदलली की वाराच उलटा जातो. म्हणून पंखा उलटा फिरला तर लहान पोरालाही समजतं आणि पंप उलटा फिरला तर जाणत्या माणसालाही समजत नाही.

उलटा चालवत राहिलं तर बिघडतं काय? विजेचं आणि वेळेचं नुकसान तर रोजचंच. सबमर्सिबलची मोटर भोवतीने वाहणाऱ्या पाण्याने थंड होते, प्रवाह घटला की ती तापते. काही पंपांत पंखा नटाने आवळलेला असतो आणि त्या नटाचे आटे असे काढलेले असतात की सुलट फिरताना तो घट्टच होत जावा. उलट फिरल्यावर तोच नट सुटायला लागतो. सायकलचं बघा, डाव्या पायडलचे आटे उलटे असतात, ते अशाच कारणाने. लांब दांड्याच्या टर्बाइन पंपात तर दांड्याचे तुकडेच आट्यांवर जोडलेले असतात. तो उलटा चालणं म्हणजे मोठा खर्च.

आता दिशा बघायची कशी. इथे फोनवर होणारा एक गोंधळ आधी सांगतो, कारण त्यात माझाही अर्धा दिवस गेला आहे.

एका नानांचा सकाळी फोन आला. मी म्हटलं, "नाना, मोटर चालू करून बघा, घड्याळाच्या काट्यासारखी फिरते का?" नाना म्हणाले, "हो, बराबर घड्याळासारखीच फिरू राह्यली. पाणीबी येऊ राह्यलं, पन जोर नाही." मी मान्य केलं. दिशा बरोबर, मग दोष सक्शनला. दुपारी वावरात गेलो. फुटव्हॉल्व्ह बघितला, पॅकिंग बघितली, काही नाही. शेवटी मोटरजवळ बसलो तर अंगावरचा बाण एकीकडे आणि फिरणं दुसरीकडे. नाना मागून, म्हणजे जाळीच्या पंख्याकडून बघत होते आणि मी मनात पंपाकडची बाजू धरून विचारत होतो. दोघंही खरं बोलत होतो.

तोच दांडा, तेच फिरणं, पण एका टोकाकडून बघितलं तर घड्याळासारखं आणि दुसऱ्या टोकाकडून बघितलं तर बरोबर उलटं. साक्री तालुक्यात ब्राह्मणवेलच्या पठारावर पवनचक्क्या आहेत. वारा पाठीवर घेऊन चक्कीसमोर उभं राहिलात तर पाती घड्याळाच्या काट्यांप्रमाणे फिरताना दिसतील. तीच चक्की मागे जाऊन बघा, उलटी दिसेल. घरातला छताचा पंखा आपण खालून बघतो तेव्हा तो बहुतेक वेळा घड्याळाच्या उलट फिरतो, आणि माळ्यावर बसून वरून बघितलं तर सुलट. अंगणात घेवड्याचा वेल काठीला गुंडाळत चढतो तो वरून बघितलं तर घड्याळाच्या उलट. खाली आडवं होऊन बघणारा नेमकं विरुद्ध सांगेल. म्हणून "उलटी की सुलटी" विचारताना "कुठे उभं राहून?" हे विचारल्याशिवाय उत्तराला अर्थ नाही. मोटरच्या कामात रीत अशी की जिकडून दांडा बाहेर येऊन पंपाला किंवा पुलीला जोडला जातो, त्या बाजूने बघायचं. पण सगळ्यात सोपं म्हणजे घड्याळ विसरा आणि पंपाच्या अंगावर ओतीव बाण असतो तो शोधा. रंग-गंजाखाली दबलेला असेल तर तारेच्या ब्रशने घासा. बाणाला बाजू लागत नाही. वरचा भाग विहिरीकडे फिरतो की बांधाकडे, एवढं फोनवर सांगितलं तरी मला कळतं.

घड्याळाचा विषय निघालाच आहे तर एक सांगतो. काटे या बाजूने फिरतात ते सूर्यतबकडीमुळे. उत्तर गोलार्धात जमिनीवरच्या तबकडीची सावली दिवसभरात अशीच सरकते आणि घड्याळं बनवणाऱ्यांनी तेच वळण उचललं. पण आपलं खानदेश कर्कवृत्ताच्या खाली, जळगाव साधारण २१ अंशांवर. मेच्या शेवटच्या आठवड्यात भरदुपारी सूर्य थेट डोक्यावर येतो आणि तिथून जुलैच्या मध्यापर्यंत तो दुपारी आपल्या उत्तरेला असतो. त्या दिवसांत अंगणात उभी काठी रोवून बघा, दुपारच्या सुमारास तिची सावली दक्षिणेकडून सरकते, म्हणजे घड्याळाच्या उलट. केळीच्या मृगबागेची लागवड चालू असते त्याच दिवसांत हे दिसतं. मी मुलाला घेऊन अंगणात हे करून पाहिलं आहे आणि दरवर्षी पुन्हा बघावंसं वाटतं.

मोटरकडे परत. पूर्ण वेगात असताना दिशा ओळखायला जाऊ नका. दोन पोलची मोटर मिनिटाला २,८८० च्या आसपास, चार पोलची १,४४० च्या आसपास फेरे घेते. डोळा फसतो. रात्री ट्यूबलाईटच्या उजेडात तर जास्तच, कारण तो उजेड सेकंदाला १०० वेळा लुकलुकतो आणि फिरणारी पाती थांबल्यासारखी किंवा मागे जाताना दिसू शकतात. मोटर क्षणभर चालू करून लगेच बंद करा आणि वेग उतरताना मागच्या पंख्याकडे बघा. जाळीतून बोट किंवा काडी घालू नका.

बोअरमधली मोटर दिसतच नाही. तिथे मोजूनच ठरवायचं. आहे त्या स्थितीत ड्रम भरायला किती सेकंद लागतात ते लिहा. लाईन बंद करून दोन वायरी बदला, पुन्हा मोजा. ज्या बाजूला पाणी जास्त ती बाजू बरोबर. गेज असेल तर डिलिव्हरीचा व्हॉल्व्ह काही सेकंदच बंद ठेवून दाब वाचा. दोन्हींपैकी जास्त दाब येतो ती सुलट दिशा. अँपियरवरून निर्णय घेऊ नका, तो आकडा पंपागणिक वेगळा वागतो. आणि विहिरीत पाणी भरपूर असतानाच ही तपासणी करा, नाहीतर पातळी उतरल्याने घटलेलं पाणी दिशेच्या नावावर जाईल.

आता दुरुस्ती. काम छोटं असलं तरी तीन फेजचं आहे. ऑटो (लाईन आली की मोटर आपोआप चालू करणारा स्विच) आधी बंद करा. रात्रीची लाईन अचानक आली आणि ऑटोने मोटर उचलली तर हात तिथेच असेल. मेन स्विच पाडा, फ्यूज काढून खिशात ठेवा, तिन्ही टोकांना टेस्टर लावा. कॅपॅसिटर बसवलेला असेल तर पाच मिनिटं थांबा. आत्मविश्वास नसेल तर वायरमनला बोलवा. डीपीवर स्वतः चढायचं नाही, कितीही घाई असली तरी.

वायरी बदलायच्या त्या फक्त दोन. कुठल्याही दोन. गेल्या उन्हाळ्यात एका हुशार पोराने तिन्ही वायरी काढून एकेक घर पुढे सरकवल्या, मोटर उलटीच राहिली, आणि त्याला वाटलं वाइंडिंगच उलटी भरली गेली. तिन्ही सरकवल्या की काहीच बदलत नाही, कारण मोटरला फक्त क्रम कळतो. लाल, पिवळा, निळा असा फेर चालू आहे असं समजा. तुम्ही मोजायला पिवळ्यापासून सुरुवात केली तर पिवळा, निळा, लाल. फेर तोच. पण लाल आणि पिवळ्याने जागा बदलली की फेर फिरतो. तीन वायरी सहा प्रकारांनी लावता येतात, त्यातले तीन सुलट आणि तीन उलट. मोटरच्या आत तीन फेजच्या गुंडाळ्या गोलावर वाटून बसवलेल्या असतात, त्यांच्यात एकामागून एक जोर येतो आणि चुंबकीय क्षेत्र त्याच क्रमाने गरगरतं. अशा फिरत्या क्षेत्रावर चालणाऱ्या मोटरचं पेटंट निकोला टेस्ला यांना १८८८ मध्ये मिळालं आणि तीन फेजची मोटर दोलिवो-दोब्रोवोल्स्की यांनी १८८९ मध्ये तयार केली. आपल्या विहिरीवरची मोटर त्याच घराण्यातली. तिला ब्रश नाहीत, दिशा सांगणारा वेगळा पुर्जा नाही, वायरींचा क्रम हीच तिची दिशा.

बदल कुठे करायचा हे मात्र नीट बघा. साध्या स्टार्टरला मोटरकडे तीनच वायरी जातात, तिथे येणाऱ्या किंवा जाणाऱ्या, कुठल्याही बाजूच्या दोन बदला. स्टार-डेल्टा स्टार्टरला (मोटर आधी स्टार जोडणीत उचलून मग डेल्टा जोडणीत नेणाऱ्या) मोटरकडे सहा वायरी जातात. त्या सहांमधल्या दोन कधीही बदलू नका. जोड्या चुकतात, डेल्टाला जाताना प्रचंड करंट ओढला जातो आणि मोटर जळते. मी अशा जळालेल्या मोटरी भरल्या आहेत. तिथे बदल फक्त येणाऱ्या तीन वायरींत करायचा.

नव्या पॅनलमध्ये आणखी एक प्रकार दिसतो. डीपी बदलल्यावर मोटर उलटी फिरत नाही, ती चालूच होत नाही. लाईन पूर्ण, फ्यूज ठीक, तरी स्टार्टर उचलत नाही. पॅनलमधल्या फेज तपासणाऱ्या रिलेला क्रम उलटा दिसतो म्हणून तो अडवून धरतो. पॅनल बिघडला समजून कोणी रिलेच बाजूला काढतात. तसं करू नका, तो त्याचं काम करतोय. येणाऱ्या दोन वायरी बदला, तो आपोआप सोडेल.

मोटर नुसती गुणगुणते आणि फिरतच नाही, किंवा हाताने ढकलाल तिकडे फिरते, तर ती फेज पलटी (वायरींचा क्रम उलटा होणं) नाही. एक फेज गेलेला आहे. लगेच बंद करा.

सिंगल फेजच्या मोटरीला दोन वायरींची युक्ती चालत नाही. फेज-न्यूट्रल कितीही अदलाबदल करा, दिशा तीच राहते. तिथे स्टार्टिंगच्या गुंडाळीची टोकं बदलावी लागतात. मे महिन्यात भुसावळ-जळगावकडे पारा ४५ च्या पुढे जातो आणि घरोघरी कूलर रात्रंदिवस चालतात. कॅपॅसिटर गेला की कूलरचा पंखा नुसता घूं करतो. मग पोरं काडीने ढकलून चालू करतात. ज्या बाजूला ढकलला त्या बाजूला तो धावतो आणि उलट धावला तर कूलर खोलीतली हवा बाहेर टाकत बसतो. मोटर बदलायची गरज नाही, छापलेल्या आकड्याचाच कॅपॅसिटर बसवा. आणि काडीचा खेळ थांबवा, बोटं जातात.

हौदातून उपसणाऱ्यांसाठी एक वेगळी गोष्ट. पातळी उतरल्यावर फुटव्हॉल्व्हच्या वर भोवरा पडतो, त्यातून हवा आत जाते आणि पाणी तुटक येतं. लक्षण फेज पलटीसारखंच वाटतं. फरक असा की गेजचा काटा थरथरतो आणि पंपातून खडखड ऐकू येते. हा भोवरा कुठल्या बाजूने फिरतो यावरून काही ठरवू नका. पृथ्वीच्या फिरण्यामुळे बंगालच्या उपसागरातली चक्रीवादळं वरून बघता घड्याळाच्या उलट फिरतात हे खरं, पण हौद त्या मानाने फार लहान. पाणी कुठल्या पाईपने पडतंय यावरच त्याचं वळण ठरतं. उन्हाळ्यात वावरात उठणारी वावटळही दोन्ही बाजूंनी फिरताना दिसते. हौदातल्या भोवऱ्यावर लाकडी फळी तरंगत सोडा किंवा फुटव्हॉल्व्ह आणखी खाली घ्या.

राहिला मुख्य त्रास: हे पुन्हा पुन्हा का होतं?

एका डीपीवर दहा-बारा मोटरी असतात. डीपीवर दोन तारा अदलून बसल्या की सगळ्यांच्याच मोटरी उलट्या होतात. ज्याला कळतं तो आपल्या स्टार्टरमध्ये बदल करून मोकळा होतो. चार दिवसांनी कोणीतरी तक्रार करतो, वायरमन येऊन डीपीवरच क्रम सरळ करतो, आणि ज्यांनी आधी आपापल्याकडे बदल केला होता त्यांच्या मोटरी पुन्हा उलट्या. घरातही तसंच होतं. वडील स्टार्टरमध्ये बदलतात, सालदार मेन स्विचमध्ये बदलतो, दोन बदल एकमेकांना खाऊन टाकतात.

म्हणून आधी शेजारच्या विहिरीवर फोन करा. त्यांचंही पाणी कमी असेल तर दोष डीपीकडे, तिथेच सरळ करून घ्या आणि तोवर कोणी आपली वायर हलवू नका. फक्त तुमचंच कमी असेल तर दोष तुमच्या केबलमध्ये किंवा जोडात. विहीर, बोअर आणि कुट्टी मशीन असं सगळं एकाच मेनवर असेल तर बदल मेनमध्येच करा, एकेका मशीनला हात लावू नका. बजेट असेल तर फेजचा क्रम दाखवणारा छोटा इंडिकेटर पॅनलमध्ये बसवून घ्या, लाईन आल्या आल्या दिव्यावरून कळतं.

नानांच्या स्टार्टरच्या झाकणाच्या आत मी ऑइलपेंटने तीन ओळी लिहून दिल्या आहेत: "वरचा भाग विहिरीकडे फिरला पाहिजे. गेज २ किलो. बदल फक्त मेनमध्ये." त्याखाली नाना खडूने तारीख टाकतात, ज्या दिवशी वायरी बदलल्या त्या दिवसाची, आणि कोणी बदलल्या त्याचं नाव.